अर्लीनचे नऊ

अर्लीन साडोव्स्की अर्धा गुण देत नसे. 'थर्ड कॉइन' मासिकात व्हिडिओ गेमचे निकाल लावणारे चौघे होते. त्यातले तिघे साडेसहा, साडेसात असल्या आकड्यांवर सुखाने नांदत. अर्लीन म्हणायची, "अर्धा गुण म्हणजे उंबऱ्यावर उभं राहून गप्पा मारणं. आत या, नाहीतर घरी जा." दहापैकी दहा तिने कुणालाच दिले नव्हते. शून्य मात्र दिलं होतं, आणि त्यावर गेम बनवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर तडतडायला लागला तेव्हा तिने शांतपणे विचारलं होतं, "एक गुण द्यावा असं त्यात काय आहे, ते तुम्हीच सांगा. मी लिहून घेते." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मासिकात ती शिरली तीही भांडतच. विस्कॉन्सिन राज्यात वेस्ट अ‍ॅलिसला तिच्या भावाचा, लेनचा, बोलिंग हॉल आहे. त्याच्या कोपऱ्यातली गेमची मशिनं अर्लीन सांभाळायची. नाणी सुटी करून द्यायची, अडकलेली दांडी सोडवायची, मशिनला लाथ घालणाऱ्याला चारचौघांत झापायचं, असं ते काम. तिथे कुणीतरी विसरलेलं 'थर्ड कॉइन' तिच्या हाती लागलं. ज्या मशिनपुढे दुसऱ्यांदा कुणी उभं राहत नव्हतं त्याला आत नऊ गुण दिलेले. तिने संपादकाला फोन लावला. "तुमच्या माणसाने हा गेम खेळलाय, की लांबून पाहिलाय?" संपादक गॉर्डी हासे हा मूळचा शेबॉयगनचा, थंड डोक्याचा माणूस. तो म्हणाला, "एवढं कळतं तर येऊन तूच लिही ना." दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. बाकीचे तिघे कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले.

निकालाच्या पानाची रीत अशी. प्रत्येक गेमखाली चार चौकटी. प्रत्येक चौकटीत परीक्षकाचं हाताने काढलेलं तोंड, चार ओळी आणि एक आकडा. अर्लीनच्या तोंडाला चित्रकाराने जाड चष्मा आणि एक भुवई वर अशी दिली होती, आणि ती खरोखरच तशी दिसायची. पान छापखान्यात जाईपर्यंत चौघांनी एकमेकांशी त्या गेमबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, हा गॉर्डीचा कडक नियम. एकाचं ऐकून दुसऱ्याचा आकडा सरकू नये, म्हणून. नियम मोडेल त्याने सगळ्यांना डोनट आणायचे. या नियमाचा गॉर्डीला फार अभिमान. कुणी पाहुणा आला की आधी तो सांगायचा, मग कॉफी विचारायचा.

दुसरी एक रीत होती, तिच्याबद्दल पाहुण्यांना कुणी सांगत नसे. मासिक छापायला लागतात दोन महिने, आणि वाचकाला तर गेम दुकानात आला त्याच आठवड्यात निकाल हवा. मग कंपन्या आधीच कच्ची कॅसेट पाठवत. वर खोळ नाही, नुसती आतली सर्किटची हिरवी पट्टी, तिच्यावर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलेलं नाव. काम अजून चालू असलेला गेम तो. या धंद्यातले सगळे अशाच कॅसेटी खेळून निकाल लावत आणि दुकानात जो येणार तोच आम्ही खेळलो, अशा थाटात छापत. बहुतेक वेळा फरक पडायचा नाही. पडला तरी सगळे मूग गिळून बसायचे.

त्या जानेवारीत 'मॉर्निंग रूट' नावाची कच्ची कॅसेट आली. डुलुथच्या कुठल्याशा छोट्या कंपनीने बनवलेला गेम. शुक्रवारी अर्लीनने ती घरी नेली आणि रविवारी, अख्खं विस्कॉन्सिन फुटबॉलचा सामना बघत टीव्हीपुढे बसलं होतं तेव्हा, ही बाई आपल्या टीव्हीवर बर्फ काढत होती. सामना संपल्यावर लेनने फोन केला आणि तिने स्कोअर विचारला, तेव्हा त्याला वाटलं हिला ताप भरलाय.

गेममध्ये होतं काय? रात्रभर बर्फ पडलेलं एक गाव आणि एक ट्रक, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला. पातं खाली करायचं आणि एकेक गल्ली मोकळी करत जायचं. एखादी गल्ली मोकळी झाली की तिथल्या एका घरात दिवा लागतो. बेकरीवाला शटर वर करतो. ज्या म्हाताऱ्याची गाडी तुम्ही मोकळी केलीत तो कामाला निघतो आणि वळणावर तुम्हाला हात करतो. मधेच इंजिन बंद करून नुसतं बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. अर्लीन तशीही बसली. मशिनं सांभाळून सांभाळून तिचं ठाम मत झालं होतं की गेम बनवणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही की तो घड्याळ लावतो. हे मत तिने मासिकात इतक्यांदा लिहिलं होतं की वाचक तिला 'घड्याळवाली' म्हणायचे. आणि इथे तिच्यापुढे कुणीतरी एक अख्खं गाव ठेवलं होतं, त्यात एकही घड्याळ नव्हतं. तिला मनापासून आनंद झाला. सोमवारी तिने लिहून दिलं:

"बर्फ, ट्रक, झोपलेलं गाव. कुणी तुमच्या मागे लागत नाही. एक गल्ली मोकळी केली, एका घरात दिवा लागला, तेवढ्यासाठी मी दुसरी गल्ली घेतली. ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरीकडे जावं. नऊ."

मंगळवारी त्याच गेमची दुसरी, सुधारलेली कच्ची कॅसेट आली. बाकीचे तिघे ती खेळले. अर्लीनला आता बघायचं कारण उरलं नव्हतं, आणि नियमामुळे कुणी कुणाशी बोललं नाही. तिघांतला सगळ्यांत तोंडाळ कर्टिस, त्याने लिहिलं: "गल्लीला दीड मिनिट. मग भोंगा. मग पुन्हा पहिल्यापासून. ट्रक घड्याळ चालवतं, आपण नुसते सीट गरम करतो. चार." दुसऱ्याचे साडेचार, तिसऱ्याचे पाच. चारही चौकटी एकमेकींना खेटून छापल्या गेल्या. अर्लीन छापून आल्यावरही बाकीच्यांच्या चौकटी वाचत नसे. गॉर्डीने त्या वाचल्या होत्या बरं का. पण अर्लीनचे वडील नगरपालिकेचा बर्फाचा ट्रक चालवायचे हे त्याला ठाऊक होतं. बाई विरघळली असेल, घड्याळाकडे काणाडोळा केला असेल, असं त्याने मनाशी धरलं. विचारावं तर नियम त्याचाच.

मार्चअखेर गेम दुकानात आला आणि ऑफिसातला वाचकांचा फोन वाजायचा थांबेना. अर्लीन तो स्वतः घ्यायची. शिव्या खायची तिला सवय होती. त्या आल्या नाहीत तर तिला चुकल्यासारखं व्हायचं.

"तो भोंगा ऐकून माझा कुत्रा पलंगाखाली गेलाय," एक बाई म्हणाली. "दोन दिवस झाले, बाहेर यायला तयार नाही. नऊ कशाचे, अर्लीन? भोंग्याचे?"

"कसला भोंगा?"

"घ्या. हिला भोंगाच ऐकू आला नाही."

मग ऑशकॉशचा एक माणूस, नाव डेल. तो ओरडला नाही, म्हणून जास्त लागलं. "मी कर्टिसचं वाचत नाही," तो म्हणाला. "त्याला सगळंच नावडतं. मी तुझं वाचतो. तू लिहिलंस कुणी मागे लागत नाही, म्हणून मी बायकोसाठी घेतला. तिचे हात आता पूर्वीसारखे भरभर चालत नाहीत. तिला एक गल्लीसुद्धा पार करता आली नाही, अर्लीन. तू हा गेम खेळलीस तरी का?"

हाच प्रश्न विचारून ती या धंद्यात आली होती. फोन ठेवला, कोट चढवला, दुकानात जाऊन तिने स्वतःच्या पैशाने तो गेम घेतला. ऑफिसात येऊन कुणाशी न बोलता मशिनमध्ये घातला. पहिली गल्ली अर्धी झाली नाही तोच भोंगा वाजला. तिने पुन्हा सुरू केला, पुन्हा भोंगा. कर्टिस आणि बाकीचे दोघे मागे येऊन उभे राहिले. म्हाताऱ्याच्या गाडीपर्यंत तर ती पोहोचलीच नाही.

"हा तो गेम नाही," ती म्हणाली.

खणातून तिने घरी नेलेली ती पहिली हिरवी पट्टी काढली आणि लावली. भोंगा नाही, आकडे नाहीत. बर्फ होतं, ट्रक होता, एका घरात दिवा लागला. गॉर्डी आपल्या खोलीतून बाहेर आला होता. पडद्याकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरला. काय झालंय ते त्याला सगळ्यांत आधी कळलं.

"म्हणजे तू अर्धवट गेमचा निकाल लावलास," कर्टिस म्हणाला.

"अर्धवट तुमचा आहे. माझा पुरा होता. नंतर कुणीतरी त्याची माती केली."

"अगं, वडिलांच्या आठवणीला नऊ देऊन बसलीस, कबूल कर की."

"वडिलांच्या आठवणीला मी पाचसुद्धा दिले नसते. ट्रकमध्ये काचा लावून सिगार ओढायचे ते. मी मागे बसून ओकायचे."

कर्टिस हसला, पण गॉर्डीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तो तिला आत घेऊन गेला. 'थर्ड कॉइन'मध्ये 'उलटं तोंड' नावाची एक चौकट असायची. ज्या परीक्षकाचा निकाल साफ फसला त्याचं चित्र उलटं छापायचं आणि खाली त्याने चार ओळींत माफी मागून नवा आकडा द्यायचा. कर्टिसचं तोंड तीन वेळा उलटं झालं होतं आणि तो ते मिरवायचा. अर्लीनचं एकदाही नाही.

"चार ओळी लिही," गॉर्डी म्हणाला. "चुकले, घड्याळ नजरेतून सुटलं, माफ करा. आकडा चार टाक. लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील."

"घड्याळ नजरेतून सुटलं नाही. घड्याळ नव्हतंच."

"ते मला माहितीये."

"मग तेच लिहिते ना. मी खेळले ती कच्ची कॅसेट, तुम्ही विकत घेतलात तो दुसराच गेम. माझ्याला नऊ, तुमच्याला दोन. आणि ज्यांनी माझ्या शब्दावर पैसे घातले त्यांची माफी. यात खोटं काय आहे?"

गॉर्डीने उठून दार लोटलं. "खोटं काही नाही, तीच तर पंचाईत आहे. आम्ही कच्च्या कॅसेटी खेळतो हे छापायचं? मग वाचक विचारणार, बाकीचे निकाल कशावर लावलेत? गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीचे? सगळेच असं करतात, अर्लीन."

"मग सगळ्यांनीच लिहावं. सुरुवात मी करते."

"दुकानात मिळत नाही त्या गेमला नऊ देऊन कुणाचं भलं होणारे?"

"ज्यांनी तो बनवला त्यांचं," ती म्हणाली. "डुलुथला कुणीतरी बसून ते गाव तयार केलं, गॉर्डी. ते चांगलं होतं. मी ते पाहिलं, आणि ते चांगलं नव्हतं असं लिहायला माझा हात उठणार नाही. शिवाय त्या डेलला मी काय सांगू? की मला घड्याळ दिसलं नाही? म्हणजे तू खेळलीस का, या त्याच्या प्रश्नाला नाही म्हणून उत्तर देऊ? मी खेळले. सामना सोडून खेळले."

तिथेच उभ्या उभ्या तिने आपल्या चार ओळी लिहून टेबलावर ठेवल्या. गॉर्डी म्हणाला, हे छापता येणार नाही. ती म्हणाली, मग माझी चौकट रिकामी सोड, आणि नोकरीही ठेव तुझ्याकडेच. पायऱ्या उतरून ती गेली, आणि घरी पोहोचल्यावर आधी रडली. मग त्याच रागात तिने स्वयंपाकघराची फरशी घासून काढली. नोकरी गेल्याचं दुःख होतंच. पण तिचं तोंड, चष्मा आणि भुवई लावून, तिने न केलेल्या गोष्टीची माफी मागताना छापलं गेलं तर, हा विचार तिला त्याहून जास्त छळत होता.

आणि नेमकं तेच झालं. पुढच्या अंकात 'उलटं तोंड' होतं. अर्लीनचा चष्मा खाली, हनुवटी वर. "घड्याळ माझ्या नजरेतून निसटलं. जुन्या आठवणींनी घात केला. वाचकांची माफी मागते. माझा सुधारलेला आकडा: साडेचार."

लेनने अंक बोलिंग हॉलच्या काउंटरवर उघडाच ठेवला होता. तिने वाचला, मिटला आणि नाण्यांच्या डब्याखाली सारला. लेनची बायको म्हणाली, "अगं, जाऊ दे, कोण वाचतं ते?"

"मी वाचते," अर्लीन म्हणाली.

वाचत होते ते आणखीही होते. आता यात गॉर्डीची फजिती अशी, की घाईघाईत ते चौकट भरायचं काम त्याने स्वतः केलं होतं, आणि स्वतःच्या सवयीने अर्ध्या गुणाचा आकडा टाकला होता. अंक बाजारात आला आणि फोन पुन्हा वाजू लागला. आता तो गॉर्डीलाच घ्यावा लागत होता. कुत्र्याची बाई म्हणाली, "साडेचार? अर्लीनने? मला वेडी समजता का?" कुणी विचारलं, ती आजारी आहे का. कुणी विचारलं, तिला काढलीत का. ज्यांनी आधी तिला सळो की पळो केलं होतं तेच आता गॉर्डीच्या मानगुटीवर बसले. डेलने तर फक्त एवढंच विचारलं, "हे कुणी लिहिलं?" गॉर्डी थापा मारण्यात कच्चा माणूस. तो म्हणाला, बघतो. डेल म्हणाला, मी थांबतो. आणि खरंच तो फोन धरून बसून राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी लेनच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांसाठी गर्दी असते. गॉर्डी आत आला तेव्हा अर्लीन हातात बटाट्याच्या पॅनकेकची ताटं घेऊन टेबलांमधून वाट काढत होती. त्याला बघून ती थांबली नाही. ताटं ठेवून, ॲप्रनला हात पुसत मग आली.

"मासे संपलेत," ती म्हणाली.

"मी खायला नाही आलो."

"मग जागा अडवू नकोस."

तरी तो बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी तुझं नाव घालून लिहायला नको होतं," तो म्हणाला. "लाज वाटली मला. फोन घेताना तर जास्तच."

"वाटायलाच हवी."

"परत ये. तोंड सरळ करून छापतो. वर एक ओळ टाकतो, छपाईत चूक झाली म्हणून."

"छपाईत चूक झालेली नाही. मी टेबलावर ठेवलेल्या चार ओळी कुठेयत?"

त्याने खिशातून कागद काढला. फेकला नव्हता त्याने, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. "हे छापलं, तर कच्च्या कॅसेटी येणं बंद होईल," तो म्हणाला. "एकूण एक कंपनी बंद करेल. आपला निकाल बाकीच्यांपेक्षा दोन महिने मागे पडेल. खेळायचं कशावर आपण?"

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी आणखी सॉस मागितला. अर्लीनने मान वळवून "आणते" म्हटलं आणि पुन्हा गॉर्डीकडे बघितलं.

"दुकानातून विकत घ्या," ती म्हणाली. "लोक घेतात तसे."

गॉर्डीने त्या चार ओळी छापल्या आणि अर्लीन कामावर परत आली. तोंड सरळ, भुवई वर, माझ्याला नऊ, तुमच्याला दोन. त्याने सांगितलं होतं तसंच झालं. कॅसेटी बंद झाल्या, दुसऱ्या मासिकांनी यथेच्छ टोमणे मारले, 'थर्ड कॉइन'चा निकाल उशिरा यायला लागला आणि काही वाचक सोडून गेले. जाहिरातीही घटल्या. कर्टिस महिनाभर कुरकुरला. मग एका अंकात त्याने स्वतःहून लिहिलं की गेल्या हिवाळ्यात दोन गेम त्याने कच्चेच खेळले होते. अर्लीनने त्यावर त्याला शाबासकी वगैरे दिली नाही, "दोनच?" एवढं विचारलं.

आता नवा गेम येतो त्या सकाळी अर्लीन दुकानाच्या रांगेत उभी असते, थंडीत पाय आपटत, सगळ्यांसारखी. तिथली पोरं-बाया तिला मासिकातल्या तोंडावरून ओळखतात. कुणीतरी हमखास विचारतं, "अर्लीन, चांगला आहे का गं हा?"

ती म्हणते, "मला काय माहीत? अजून खेळले कुठे?"